पदर, विग आणि टोपी

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हिशेब लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या स्तनात गाठ सापडली, शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी ठरली, आणि मी सवयीने दोनशे पानी वही विकत आणली. औषधे, तपासण्या, टॅक्सी, शहाळी, सगळे त्यात तारीखवार आहे. वहीच्या शेवटच्या चार पानांवर मात्र एक वेगळे खाते आहे. त्याचे नाव 'डोके'.

या खात्यात जमेची बाजू नाही. खर्चाच्या बाजूला आहे ती अशी : विग एक, रुपये १४,५००. स्कार्फ पाच, रुपये १,८६०. लोकरीची टोपी एक, रुपये २५०. सुती होजिअरीच्या टोप्या चार, रुपये ४८०. एकूण १७,०९०. यातल्या शेवटच्या ४८० रुपयांनी, म्हणजे एकूण खर्चाच्या तीन टक्क्यांहूनही कमी रकमेने, माझे नऊ महिने निभावले. बाकीची रक्कम कशी गेली आणि का गेली, हे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला. पण लिहिता लिहिता लक्षात आले की प्रश्न माझ्या वहीपुरता नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा होती. येत्या तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगासाठी डे-केअर केंद्र सुरू करायचे, त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून कर्करोगावरच्या काही औषधांवरचा जीएसटी शून्यावर आला, वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचाही गेला. या गोष्टी चांगल्या आहेत. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ साली उभे राहिले, तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली माणसे वळकटी घेऊन तिथल्या फुटपाथवर येत आहेत. त्यांतल्या काही जणांची तरी केमो आता आपल्याच जिल्ह्यात होणार. सकाळी यायचे, सलाईन लावून घ्यायचे, संध्याकाळच्या एसटीने घरी.

पण याचा दुसरा अर्थ असा की आजवर मुंबईच्या गर्दीत लपून जाणारे डोके आता गावात दिसणार. परळच्या रस्त्यावर बिनकेसांच्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही. गावच्या स्टँडवर सगळे पाहतात.

केस का जातात ते थोडक्यात सांगते. केमोची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, आणि दुर्दैवाने केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच. डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून तडाखा एकदम बसतो. सगळ्याच औषधांनी असे होत नाही. काहींनी केस नुसते विरळ होतात, काहींनी मुळीच जात नाहीत. मला दिलेली डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही मात्र त्यासाठी प्रसिद्धच. पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांत गळती सुरू होते, असे डॉक्टर सांगतात. माझी सुरू झाली सोळाव्या दिवशी. सकाळी उशीवर जे दिसले त्याचे वर्णन करीत नाही. एवढेच सांगते की त्या दिवसांत डोक्याची कातडी दुखते. हे मला कुणी सांगितले नव्हते. केस गेल्याचे दुःख मनात होईल याची तयारी केली होती, पण उशीची साधी शिवण टोचेल याची नाही.

नर्सबाईंनी बजावले होते की वस्तरा लावू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, एखादी चीर पडली तर जंतुसंसर्ग व्हायचा. मशीनने बारीक करून घ्या. म्हणून यजमानांचा नेहमीचा कारागीर घरी बोलावला. पन्नाशीचा गृहस्थ, आमच्या मुलाचे जावळही त्यानेच काढलेले. त्याने पेटी उघडली, मशीन हातात घेतले आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, "काकू, बायामाणसाच्या डोक्याला मी कधी हात लावला नाही."

त्याला ठाऊक असो वा नसो, या वाक्यामागे इतिहास आहे. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असा निर्धार केला. त्यामागे जोतीराव फुल्यांचा विचार होता आणि नारायण मेघाजी लोखंड्यांचा पुढाकार. पोटावर पाय येईल हे माहीत असून त्या माणसांनी वस्तरा खाली ठेवला. आमच्या कारागिराने मशीन चालवले ते मी समजूत घातल्यावर. पैसे मात्र घेतले नाहीत. "हे काम पैशाचं नाही," म्हणाला.

आठवड्याने माझ्या आत्येसासूबाई भेटायला आल्या. वय नव्वदीच्या घरातले. मी डोक्याला काही न बांधता दार उघडले आणि त्या उंबऱ्यातच रडू लागल्या. आजाराचे त्यांना कळले होते, त्यासाठी नव्हत्या रडत. "अगं, नवरा धडधाकट असताना हे काय गं तुझं," एवढेच त्यांना पुन:पुन्हा म्हणता येत होते. त्यांच्या लहानपणी घरात लाल आलवणातली एक काकू होती. मागीलदारी, अंधाऱ्या खोलीत. बाईच्या मोकळ्या डोक्याचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ एकच होता. मराठी घरात केमोने गेलेले केस हे नुसते केस नसतात, ते असे मागच्या दोन पिढ्यांतून चालत येतात. पाश्चात्त्य पुस्तिकांतून 'तुमचे टक्कल अभिमानाने मिरवा' असा सल्ला असतो. ज्यांना जमते त्यांनी जरूर मिरवावे. २०१८ मध्ये सोनाली बेंद्रेने तसे फोटो लोकांसमोर ठेवले तेव्हा अनेकींना धीर आला, मलाही पुढे ते आठवले. पण आत्येसासूबाईंना पुस्तिका देऊन भागत नाही.

तर आता विग.

तो मी रडारडीच्या दुसऱ्याच दिवशी घेतला, आणि इथेच पहिली चूक झाली. कर्जाचा निर्णय माणूस घाबरलेला असताना करू नये, हे मी शेकडो खातेदारांना सांगितले असेल. दुकानदार अतिशय गोड बोलणारा होता. आरशात पाहिले तर मी पंचवीस वर्षांपूर्वीची दिसत होते. बॉबकट, काळाभोर. माझे स्वतःचे केस पिकलेले, मागे अंबाडा. घरी आले तेव्हा नातवाने विचारले, "आजी, तू कोण झालीस?"

त्यातून ऑक्टोबर. मुंबई-ठाण्याकडचा ऑक्टोबर ज्याने सोसला आहे त्याला सांगायला नको. विगच्या आत जाळी असते, जाळीखाली घाम, घामाखाली आधीच हुळहुळी झालेली कातडी. लोकलमध्ये दाराशी वारा लागला की हात आपोआप डोक्याकडे जाई. आणि स्वयंपाकघर! कृत्रिम धाग्याचा विग उष्णतेने आखडतो, वितळतो. कुकरची वाफ, फोडणीची झळ, ओव्हनचे दार, यांपासून तो लांब ठेवायचा असतो. ही सूचना डबीवर बारीक अक्षरांत होती. मी ती वाचली तेव्हा पुढची बट चकलीसारखी झालेली होती.

बँकेच्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज अनुत्पादक ठरते. माझी ही मालमत्ता पंधरा दिवसांतच अनुत्पादक झाली. एकूण सहा वेळा घातला. म्हणजे दर वेळी २,४१६ रुपये पडले.

तरी विगची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्या शिक्षिकेला रोज साठ मुलांसमोर उभे राहायचे आहे, जी मुलगी नुकती नोकरीला लागली आहे, जिला आजार ऑफिसात कळू द्यायचा नाही, तिला विगच हवा. अशा बाईला मी एवढेच सांगेन की केस असतानाच जा, सोबत एखादी स्पष्टवक्ती मैत्रीण घेऊन जा, आणि आपल्या आजच्या केसांशी मिळताजुळता घ्या, विशीतल्या केसांशी नव्हे. केस गेले की डोक्याचे माप थोडे कमी होते, म्हणून आतले पट्टे आवळता येणारा हवा. खाली पातळ सुती टोपी घातली तर टोचणे बरेच कमी होते. २०२४ मध्ये हिना खान या अभिनेत्रीने केमो चालू असताना आपलेच केस कापून त्यांचा विग करायचे ठरवले, ते मला फार शहाणपणाचे वाटले. स्वतःचेच केस, फक्त मुळे नसलेले.

खऱ्या केसांच्या विगची किंमत कित्येक हजारांत जाते, आणि हे आपल्याच देशात, याची गंमत वाटते. जगाच्या बाजारात मानवी केस पुरवणाऱ्या देशांत भारत अग्रभागी आहे. तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांच्या लिलावातून देवस्थानला वर्षाला शंभर कोटींच्या वर रक्कम मिळते. कच्चे केस वर्षानुवर्षे बाहेर जात राहिले, विग बनवण्याचा मोठा धंदा मात्र चीनमध्ये वाढला. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ऊस आपला आणि साखर दुसऱ्याची, असा हा प्रकार. काही संस्था दान केलेल्या केसांचे विग रुग्णांना फुकट देतात, आणि कॉलेजातल्या मुली लांबसडक वेणी कापून देतात तेव्हा कौतुक वाटते. मात्र एका विगला अनेकींच्या वेण्या लागतात. मागणीच्या मानाने हा पुरवठा पुरा पडणारा नाही.

केस जाऊच नयेत यासाठीही एक उपाय निघाला आहे. सलाईन चालू असताना, त्याआधी आणि नंतरही काही वेळ, डोक्यावर अतिथंड टोपी घालतात. रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध केसांच्या मुळांपर्यंत कमी पोचते. अमेरिकेत अशा यंत्राला डिसेंबर २०१५ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ती टोपी घालणाऱ्या सुमारे निम्म्या बायकांचे अर्ध्याहून अधिक केस टिकले, न घालणाऱ्यांत एकीचेही नाही. सगळ्या औषधांना ती सारखी लागू पडत नाही, आणि आपल्याकडे ती मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच आहे. जिल्हा रुग्णालयात ती येईल तेव्हा येईल.

मला सुटका मिळाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. माझी भाची पुण्यात नोकरी करते. स्कूटरवरून जाणाऱ्या पुण्याच्या मुली डोके, कान, तोंड स्कार्फने असे गुंडाळतात की फक्त डोळे दिसावेत. आपण त्यांची चेष्टा करतो. भाची दिवाळीला आली, तिने माझ्या डोक्याला तो स्कार्फ बांधला आणि म्हणाली, "मावशी, आता तू सिंहगड रोडवर फिरलीस तरी कुणी विचारणार नाही." खरेच की! धूळ-उन्हाच्या निमित्ताने डोके झाकायची एक सर्वमान्य पद्धत आपल्याकडे आहेच. तेव्हापासून बाहेर जाताना स्कार्फ, घरात टोपी, असे ठरून गेले.

स्कार्फमध्येही शिकण्यासारखे बरेच निघाले. भेट आलेले दोन रेशमी आणि एक सॅटिनचा. तिन्ही दिसायला देखणे आणि तिन्ही घसरडे. केसांशिवायच्या डोक्यावर रेशीम थांबत नाही. जुन्या वॉयलच्या ओढणीचा मीटरभर चौकोनी तुकडा, तिरका दुमडून मानेवर गाठ, हा सगळ्यात पक्का. खाली सुती टोपी असली की मुळीच हलत नाही. कपाळाशी टोपीच्या आत ब्लाऊजचे खांद्याचे पॅड ठेवले तर डोके चपटे दिसत नाही, ही युक्ती आमच्या टेलरिणीची. भुवया आणि पापण्याही जातात, त्या पेन्सिलीने काढता येतात. मोठी टिकली आणि कानांत ठसठशीत कुड्या घातल्या की बघणाऱ्याचे लक्ष डोक्याकडे जात नाही.

आणि टोपी. चांगली टोपी म्हणजे काय, हे मी आता परीक्षेला बसून सांगू शकेन. बनियनचे असते तसे ताणणारे मऊ सुती होजिअरी कापड. शिवण कमीत कमी, आणि असेल ती बाहेरच्या बाजूला. कपाळावर रबरी इलॅस्टिक नको, त्याचा वळ उठतो. कापडाचीच दुमड पुरते. मागे मान आणि पुढे कानशिले झाकली गेली पाहिजेत, कारण कडेचे केस गेलेले तिथेच उघडे पडतात. रोज धुऊन रात्रीत वाळली पाहिजे. रात्रीही ती लागते, बिनकेसांच्या डोक्याला पंख्याचा वाराही गार लागतो. लोकरीची टोपी प्रेमाने विणून आणणाऱ्यांचे मन मोडू नये. पण लोकर थेट कातडीला लागली की खाज सुटते. यातल्या कुठल्याही गोष्टीला फार पैसे पडत नाहीत. फक्त असे कापड, अशा शिवणीचे, कुठे मिळते ते पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही.

तिसऱ्या डोसाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर मराठवाड्यातली एक बाई होती. चाळिशीची. डोक्यावर पंचा, त्यावरून पदर. पदर सतत घसरत होता आणि ती सतत सावरत होती, सलाईन लावलेल्या हातानेच. नर्स ओरडली की हात खाली, पुन्हा पदर घसरला की हात वर. बोलता बोलता कळले की तिने मधला डोस तीन आठवडे लांबवला होता. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलीच्या आईचे डोके दिसले तर 'घरात रोग आहे' म्हणून स्थळ फिरेल, ही भीती. भावजयीचे गंगावन मागून पाहिले. पण गंगावन बांधायला आधी केस लागतात. शेवटी तापाचे निमित्त सांगून ती आत अंथरुणात पडून राहिली आणि पाहुणे चहा पिऊन गेले. डॉक्टर तिला रागावले, ते बरोबरच होते. डोस ठरल्या दिवशीच घ्यायला हवा. पण तिला कुणी विचारले नव्हते की बाई, डोक्यावर काय घालणार आहेस?

माझ्या पिशवीत एक जादा टोपी होती, ती तिला दिली. पदराखाली टोपी आली आणि पदर जागच्या जागी बसला. नंतर दोन तास ती गाढ झोपली. माझी तेव्हाची किंमत १२० रुपये.

घरी येऊन मी विम्याची फाईल काढली. विगचे बिल मी हौसेने जोडले होते. उत्तर आले की ही वैयक्तिक सोयीची वस्तू आहे, उपचाराचा भाग नाही. मी बँकेत होते, मलाही अशी पत्रे लिहिता येतात, त्यामुळे राग त्या कारकुनाचा आला नाही. पण व्याख्येवर विचार करावासा वाटला. औषधाने उलटी होते तर उलटीची गोळी उपचारात धरतात. त्याच औषधाने केस जातात तर टोपी मात्र सोयीची! अमेरिकेत काही खासगी विमा कंपन्या विगचे पैसे देतात, पण डॉक्टरने चिठ्ठीवर 'विग' न लिहिता 'क्रेनियल प्रॉस्थेसिस' लिहावे लागते. जडनाम घेतले की वस्तूची लायकी वाढते, हे तिथेही आहेच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत विगची तरतूद आहे, सोळा वर्षांखालच्या मुलांना तो फुकट मिळतो. आपण विगपर्यंत जाऊच नये असे मला वाटते. सरकारी योजनेत विग आला की निविदा आल्या, पुरवठादार आले आणि आमच्या आत्येसासूबाईंना बॉबकट आला. टोपीत खाण्यासारखे काही नाही, हाच तिचा मोठा गुण.

जिल्हा रुग्णालयाच्या डे-केअर केंद्रात पहिल्या डोसाच्या दिवशी प्रत्येकाला, बाईला, पुरुषाला, पोराला, दोन सुती टोप्या आणि एक वॉयलचा चौकोन हातात द्यावा. सोबत अर्धे पान मराठीत : केस अमुक दिवसांत जातील, वस्तरा लावू नका, डोके दुखेल, उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे येऊ लागतील. पुरुषांना याची गरज नाही असे समजू नये. गांधी टोपी वापरणाऱ्या म्हाताऱ्याचे निभावते. पंचविशीतल्या पोराचे नाही. शिवायला कोण, हा प्रश्नही पडू नये. नोकरीची शेवटची आठ वर्षे मी ग्रामीण शाखांतून बचत गटांना कर्जे दिली. पापड आणि लोणची यांखेरीज काय करायचे, हा प्रत्येक गटाचा पहिला प्रश्न असे. शिलाई मशीन जवळपास सगळ्यांकडे असते, गिऱ्हाईक नसते. इथे गिऱ्हाईक दर आठवड्याला खुर्चीवर येऊन बसणार आहे.

हे बोलून दाखवले तेव्हा सांगलीकडच्या माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी मनावर घेतले. त्यांच्या ओळखीच्या गटाने गेल्या वर्षी वीस टोप्या शिवून पाठवल्या. पहिल्या खेपेत शिवण आतल्या बाजूला होती. गटातल्या बायकांचे म्हणणे रास्त होते : शिवण बाहेर ठेवली तर लोक आम्हाला नावे ठेवतील, काम कच्चे म्हणतील. मी फोनवर समजावून थकले. शेवटी त्यांच्यातल्याच एकीने ती टोपी रात्रभर घालून पाहिली आणि सकाळी सगळ्या वीसच्या वीस उसवल्या.

त्यांतल्या दोन मी त्या मराठवाड्यातल्या बाईला टपालाने पाठवल्या. तिचे उपचार पूर्ण झाले आहेत, केस बोटभर आले आहेत, आधीपेक्षा कुरळे. टोप्या आता तिला नको आहेत. गावातल्या दुसऱ्या एकीचे डोस सुरू झालेत, तिला देते म्हणाली. फक्त एक तक्रार होती. "ताई, रंग पांढरा नका पाठवू. हिरवा नाहीतर लाल पाठवा."

गटाला तसे कळवले आहे.